मिऱ्याचे अमेरिकन भावंड आणि केरळची पाटी

पावसाचे पहिले काही आठवडे उलटले की केरळातल्या जुन्या घरांच्या, विहिरींच्या आणि कुंपणांच्या जांभ्या दगडाच्या भिंती हिरव्या होऊ लागतात. आधी शेवाळ धरते, मग नेचे येतात, आणि त्यांच्याच आसपास, जिथे ऊन पोहोचत नाही अशा ओल्या कोपऱ्यात, एक वीतभर उंचीची वनस्पती दाटीवाटीने उगवते. पाने हृदयाच्या आकाराची, मेण लावल्यासारखी चकचकीत. खोड इतके रसदार आणि फिकट की उजेडासमोर धरले तर काचेच्या नळीची आठवण व्हावी. मल्याळममध्ये तिला ‘मषित्तंडु’ म्हणतात. मषी म्हणजे शाई, हा शब्द मराठीलाही परका नाही; आणि तंडु म्हणजे देठ, खोड.

या नावामागे शाळा आहे. दगडी पाटीवर पेन्सिलीने लिहायचे दिवस होते तेव्हा केरळातली मुले शाळेच्या वाटेवर या भिंतींपाशी थांबत, मूठभर मषित्तंडु उपटत आणि दप्तरात ठेवत. गणित चुकले की एक देठ मोडायचा आणि पाटीवर फिरवायचा. खोडात साठलेल्या पाण्याने अक्षरे पुसली जात. पाटी थुंकीने पुसण्यावर गुरुजींचा जो कायमचा आक्षेप होता त्याला मुलांनी शोधलेले हे उत्तर. ज्यांचे बालपण तिथे गेले अशा आज साठी-सत्तरीतल्या माणसांना ही वनस्पती अजून डोळे मिटून, नुसत्या वासावरून ओळखता येते.

त्यांच्या नातवंडांना येत नाही. पाटी गेली आणि तिच्याबरोबर ओळखही गेली. आता ती वनस्पती परत येते आहे ती निराळ्या वाटेने: ‘भिंतीवर उगवणारी ही भाजी खा, युरिक आम्ल उतरते’ अशा मजकुराच्या फिरत्या संदेशांतून. संदेशासोबत एक छायाचित्र असते, कधी नेमके, कधी भलत्याच वनस्पतीचे. त्यामुळे ‘ही खाता येते का?’ या प्रश्नाआधी ‘ही नेमकी कोण?’ हा प्रश्न सोडवणे भाग आहे. वनस्पतिशास्त्राला त्याचे उत्तर देताना बराच काळ लागला, आणि त्या उत्तराचा इतिहास भिंतीएवढाच मजेदार आहे.

शास्त्रीय नाव पेपेरोमिया पेल्युसिडा. पहिल्या शब्दाचा अर्थ ‘मिऱ्यासारखी’, दुसऱ्याचा ‘आरपार दिसणारी’. मिऱ्याचा उल्लेख अलंकारिक नाही. काळे मिरे, नागवेलीचे पान आणि पिंपळी ज्या कुळातली आहेत त्याच पायपरेसी कुळातली ही वनस्पती आहे. मात्र तिचे मूळ घर मलबारचा किनारा नसून अमेरिका खंडाचा उष्ण कटिबंध आहे.

इथे इतिहासाची एक गंमत घडली आहे. १४९२ मध्ये कोलंबस पश्चिमेकडे निघाला तो पूर्वेच्या मसाल्यांच्या देशांचा मार्ग शोधत. त्याला मिरे सापडले नाही. सापडली ती तिखट मिरची. युरोपीयांनी तिलाच मिऱ्याचे नाव चिकटवले. पुढे वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला, आणि त्यानंतर पोर्तुगीजांच्या व्यापारातून मिरची भारतात आली. आपणही नाव देताना तेच केले: ‘मिरची’ या शब्दात ‘मिरी’ स्पष्ट ऐकू येते. वास्तविक मिरची ही वांग्या-बटाट्याच्या कुळातली. मिऱ्याशी तिचे काडीचेही नाते नाही. मिऱ्याचे खरेखुरे अमेरिकन भावंड मात्र गाजावाजा न करता आले आणि ज्या मलबारातून मिरे जगभर गेले त्याच मलबारच्या भिंतींवर बसले. त्याला मिऱ्याचे नाव इथे कुणीच दिले नाही. मुलांनी दिले ते शाईचे.

ते आले कसे? सोन्या-चांदीची, कापसाची, घोड्यांची नोंद व्यापारी ठेवतात. तणांची कोण ठेवणार? पण वनस्पतीच्या रचनेत उत्तराचा मोठा भाग आहे. तिचे फळ जेमतेम मोहरीच्या दाण्याच्या निम्मे, एक मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि चिकट. कपड्याला, पायाला, कुंडीच्या काठाला ते सहज लागून येते. एका रोपावर अशी शेकडो फळे धरतात आणि मूठभर मातीत ती कुणाच्या लक्षातही येत नाहीत. शोभेच्या झाडांच्या कुंड्या एका बागेतून दुसऱ्या बागेत, एका बंदरातून दुसऱ्या बंदरात गेल्या तशी हीही गेली. आजही रोपवाटिकेतून आणलेल्या कुंडीत, आपण विकत न घेतलेली ही वनस्पती पुष्कळदा फुकट मिळते. आफ्रिका, आग्नेय आशिया, पॅसिफिक बेटे, बंगाल, आसाम, कोकण आणि गोवा, जिथे ऊब, ओल आणि सावली आहे तिथे ती आहे.

शास्त्रज्ञांच्या टेबलावर ती पोहोचली ती हॉलंडमार्गे. कार्ल लिनियस १७३५ ते १७३८ या काळात हॉलंडमध्ये होता. तिथे डच ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांपैकी एक, धनाढ्य जॉर्ज क्लिफर्ड, याच्या हार्टेकाम्प येथील बागेची सूची करण्याचे काम त्याच्याकडे आले. त्यातून ‘हॉर्टस क्लिफोर्टियानस’ हा भव्य सचित्र ग्रंथ तयार झाला. त्यात हृदयाकृती पानांचे हे लहानसे ‘मिरे’ आहे. १७५३ च्या ‘स्पीशीज प्लांटारम’मध्ये लिनियसने तिला ‘पायपर पेल्युसिडम’ असे दोन शब्दांचे नाव दिले आणि तिचे ठिकाण अमेरिका असे लिहिले. काळ्या मिऱ्याचे ‘पायपर नायग्रम’ हे नावही त्याच ग्रंथात, अगदी जवळच्या पानांवर आहे. मलबारची वेल आणि अमेरिकेची काचेसारखी रोपटी लिनियसला एकाच प्रजातीत बसवाव्याशा वाटल्या, त्या पानांमुळे नव्हे. दोघींची फुले देठावर उंदराच्या शेपटीसारख्या बारीक कणिशात दाटून बसतात, आणि त्या फुलांना ना पाकळ्या असतात ना निदल.

ही एकत्र मांडणी फार काळ टिकली नाही. स्पेनच्या राजाने पेरू आणि चिलीत पाठवलेल्या मोहिमेतील हिपोलितो रुइझ आणि होसे पावोन यांनी १७९४ मध्ये पेपेरोमिया ही वेगळी प्रजाती मांडली. नंतर हुम्बोल्ट आणि बोंप्लां यांनी १७९९ ते १८०४ या प्रवासात अमेरिकेतून आणलेल्या वनस्पतींचे वर्णन करताना कार्ल कुंथने लिनियसच्या ‘पायपर पेल्युसिडम’ला या नव्या प्रजातीत आणले. आज आपण वापरतो ते नाव त्याचे. भेद सूक्ष्म होता आणि भिंगाखालीच दिसणारा: पेपेरोमियाच्या प्रत्येक फुलात फक्त दोन पुंकेसर असतात आणि एकच कुक्षी, मिऱ्याच्या फुलात कुक्षी अधिक असतात.

भारतापुरते पाहिले तर या गोष्टीला एक वळण आहे. पेपेरोमिया म्हणजे परदेशी, असा सरसकट निष्कर्ष काढला तर तो चुकेल. दक्षिण भारताच्या डोंगरांत, ओल्या कातळांवर आणि झाडांच्या सालीवर, अस्सल इथल्या पेपेरोमिया आहेत. एकोणिसाव्या शतकात त्यांना नावे दिली ती फ्रीड्रिख मिकेल या डच वनस्पतितज्ज्ञाने. हा गृहस्थ स्वतः फारसा प्रवास करीत नसे. जगभरातून आलेल्या वाळवलेल्या नमुन्यांवर तो काम करी. त्याने दिलेली नावे पाहा: पेपेरोमिया डिंडिगुलेन्सिस हे तमिळनाडूतील दिंडिगलवरून; पेपेरोमिया वायटियाना हे मद्रास इलाख्यात आयुष्याची उमेदीची वर्षे घालवलेल्या रॉबर्ट वाइटवरून; पेपेरोमिया हेनियाना हे बेंजामिन हेनवरून. दिंडिगल तेवढे नावात राहिले. ते नमुने ज्यांनी कड्यावरून खाली आणले त्या स्थानिक माणसांची नावे लेबलांवर उतरली नाहीत. या देशी जाती जंगलातल्या आहेत आणि गावातल्या भिंतींशी त्यांना फारसे कर्तव्य नाही. कुंपणाच्या भिंतीवर दिसते ती बहुतेक वेळा पाहुणीच.

या पाहुणीने जीवशास्त्राला एक मोठा धक्का दिला, आणि बारावीच्या विद्यार्थ्यांनी तो जाणून घ्यावा असा आहे. सपुष्प वनस्पतींचा भ्रूणकोश सात पेशींचा आणि आठ केंद्रकांचा असतो, असे आपण शिकतो: एक अंडपेशी, दोन सहायक पेशी, तीन प्रतिध्रुवी पेशी आणि मधल्या पेशीत दोन ध्रुवीय केंद्रके. १८९९ मध्ये डग्लस कॅम्पबेल या अमेरिकन वनस्पतितज्ज्ञाने ‘ॲनल्स ऑफ बॉटनी’ या नियतकालिकात पेपेरोमिया पेल्युसिडाच्या ‘विलक्षण’ भ्रूणकोशावर टिपण लिहिले. पुढच्याच वर्षी डंकन जॉन्सनने त्याच वनस्पतीच्या भ्रूणपोषाचा आणि भ्रूणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिच्या भ्रूणकोशात केंद्रके आठ नव्हे, सोळा होती. त्यांपैकी एक अंडपेशीचे, एक सहायक पेशीचे, सहा कडेच्या पेशींची. आणि उरलेली आठच्या आठ मध्यभागी एकत्र येऊन विलीन होतात. नराकडून आलेले केंद्रक त्यांना मिळाले की तयार होणाऱ्या भ्रूणपोषात गुणसूत्रांचे नऊ संच असतात. पाठ्यपुस्तकात आपण तीन वाचलेले असतात.

प्रथम काहींना हा वनस्पतींच्या आदिम अवस्थेचा अवशेष वाटला. पुढे उलगडा निराळा झाला. नेहमीच्या रीतीत अर्धसूत्री विभाजनातून निर्माण झालेल्या चार केंद्रकांपैकी तीन नष्ट होतात आणि एकापासून भ्रूणकोश घडतो. पेपेरोमियात चारही केंद्रके टिकून राहतात आणि प्रत्येकाचे आणखी दोनदा विभाजन होते, चारचोक सोळा. म्हणजे हा जुना वारसा नसून नियमाला नंतर फुटलेला फाटा आहे. अशा साऱ्या फाट्यांची पद्धतशीर मांडणी ज्यांनी केली त्यांत एक ठळक नाव भारतीय आहे. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक पंचानन माहेश्वरी यांचा ‘ॲन इंट्रोडक्शन टू द एम्ब्रिऑलॉजी ऑफ अँजिओस्पर्म्स’ हा ग्रंथ १९५० मध्ये आला आणि जगभर पाठ्यग्रंथ झाला. त्यात सोळा केंद्रकांच्या भ्रूणकोशांचा एक प्रकार म्हणून ‘पेपेरोमिया प्रकार’ आहे. मुले जिने पाटी पुसत होती तिच्या नावाने एक प्रकरण जगाच्या भ्रूणशास्त्रात स्थिरावले, आणि दोन्ही बाजूंना एकमेकांची बहुधा खबर नव्हती.

आता भिंतीकडे परत. संकेतस्थळांवरची चित्रे आणि दूरध्वनीतली ओळख-यंत्रे पानाच्या आकारावर भर देतात, आणि नेमका पानाचा आकार सर्वांत फसवा असतो. हृदयाकृती चकचकीत पाने पावसाळी भिंतीवर इतरांचीही असतात. अळवाच्या कुळातली एरिऑप्सिस ही लहानखुरी वनस्पती सह्याद्रीच्या ओल्या कातळांवर आणि भिंतींवर तशीच उगवते. रानअळवाची कोवळी रोपेही तशीच दिसतात. या कुळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि कच्चे पान तोंडात गेले की घसा, जीभ आणि ओठ यांना अशी खाज सुटते की खाणारा जन्मभर विसरत नाही. फरक पानात शोधू नये, खोडात शोधावा. अळवाच्या कुळात पान थेट जमिनीतल्या कंदातून लांब देठावर उभे राहते. पेपेरोमियाला फांद्या फुटणारे, जवळजवळ पारदर्शक खोड असते आणि त्यावर पाने एकाआड एक येतात. दुसरी शेजारीण पायलिया मायक्रोफायला, तीही अमेरिकेचीच आणि तीही भिंतीवरचीच. तिची पाने अगदी बारीक, समोरासमोर जोडीने येणारी, आणि रोप नेच्यासारखे पिंजारलेले. ती विषारी म्हणून प्रसिद्ध नाही, पण पेपेरोमिया म्हणून ताटात घेण्याचेही कारण नाही.

कणीस आले असेल तर शंका उरू नये. पानांच्या समोरून किंवा शेंड्यातून निघालेले, उभे, दोऱ्याएवढे बारीक हिरवे कणीस आणि त्यावर पिकल्यावर काळसर होणारे टाचणीच्या टोकासारखे दाणे. मग देठ मोडून चुरगाळावा. कुटलेल्या मोहरीसारखा वास आला पाहिजे. खोड, पानांची मांडणी, कणीस आणि वास ही चारही लक्षणे जुळल्याशिवाय तोंडात घालू नये. आपल्या आज्या-पणज्या पालेभाजी ओळखत त्याही एका लक्षणावर नव्हेत. फक्त त्यांना ती मोजून सांगावी लागत नसत.

ओळख पटली तर वनस्पती खाण्याजोगी आहे यात शंका नाही. तिचे सगळे अंग, मूळ सोडून, कच्चे किंवा शिजवून खाल्ले जाते. व्हिएतनाममध्ये तिची कोशिंबीर लोकप्रिय आहे. तिथले नाव ‘कांग कुआ’ म्हणजे खेकड्याची नांगी. फिलिपिन्समध्ये एका नावाचा अर्थ ‘दगडावरची घोळ’ असा होतो, तर दुसरे नाव कणसांच्या शेवयांसारख्या रूपावरून शेवयांच्या पदार्थाला जोडलेले आहे. बंगालीत ती ‘लुचिपाता’, तळून फुगवलेल्या लुचीच्या आकाराची पाने. केरळात काही घरांत तिचे ओले खोबरे घातलेले तोरण होते. चव पाणीदार, काकडीकडे झुकणारी, शेवटी किंचित झणका देणारी. तो झणका तिच्या मिऱ्याकडच्या नात्याचा.

औषधी गुणांची गोष्ट इतकी सरळ नाही. फिलिपिन्सच्या आरोग्य खात्याने पुरस्कारलेल्या १० वनौषधींमध्ये ती आहे, आणि तिथे तिची ओळख सांधेदुखी व युरिक आम्लाशी जोडलेली आहे. फिरत्या संदेशांचा उगम बहुधा तिथेच असावा. प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर दाहविरोधी परिणामांचे अनेक अभ्यास झाले आहेत. पण उंदराच्या पंज्याची सूज उतरणे आणि माणसाच्या गुडघ्यातला वातरक्त हटणे यांत मोठे अंतर आहे, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करून भिंतीवरची पाने चघळणे हा त्या अंतरावरून मारलेला उडीचा प्रयत्न ठरतो. शिवाय या वनस्पतीची ज्यांना अधिहर्षता आहे त्यांच्यात दम्यासारखी लक्षणे उद्भवल्याची नोंद आहे. पहिल्यांदा खाणाऱ्याने दोन पानांवर थांबावे.

आणखी एक गोष्ट कोणत्याच संदेशात नसते: भिंत कोणती? या वनस्पतीची मुळे उथळ असतात. भिंतीवरून जे ओघळते तेच तिचे अन्नपाणी. सांडपाण्याच्या नळीखाली, शौचालयाच्या मागे, रहदारीच्या रस्त्याकडेच्या किंवा जुना रंग पोपडे धरून सुटणाऱ्या भिंतीवरचे झुबके हिरवेगार दिसतात ते याच कारणाने, आणि ते न खाण्याचे कारणही तेच. खायची असेल तर कुंडीत लावावी. ती लावावीही लागत नाही. सावलीत ओली माती ठेवली की पुरते.

पाटीवरून गेलेली ही वनस्पती शाळेतून मात्र पुरती गेलेली नाही. वनस्पतीत पाणी वर कसे चढते हे दाखवण्यासाठी तेरड्याचे किंवा मषित्तंडुचे रोप मुळासकट उपटून लाल शाई घातलेल्या पाण्यात ठेवतात. तासाभरात खोडातून लाल रेघा चढताना नुसत्या डोळ्यांनी दिसतात. मग पात्याने खोडाचा आडवा काप घेतला की तेरड्यात लाल ठिपक्यांचे कडे दिसते, पुस्तकातल्या द्विदलिकित खोडाच्या आकृतीसारखे. पेपेरोमियाच्या कापात ठिपके कडे करीत नाहीत. ते मक्याच्या खोडातल्यासारखे इकडेतिकडे विखुरलेले असतात, आणि तरीही ही वनस्पती मक्यासारखी एकदलिकित नाही. मिऱ्याचे कूळ आज एकदलिकित आणि खऱ्या द्विदलिकित या दोन्हींच्या बाहेर, चाफ्याच्या आणि सीताफळाच्या गोतावळ्यात ठेवले जाते. वर्गात हा काप हातोहात फिरतो तेव्हा कोणीतरी विद्यार्थी हमखास म्हणतो, ‘सर, आमचा काप चुकला.’